वीस मिनिटं

फॉर्मवर एकोणीस रकाने आहेत.
स्वयंपाकघर: छतातले दिवे हवाबंद, एलईडी.
झोपायच्या खोल्या: डिमर.
न्हाणीघर: निदान एक दिवा आपला आपण विझणारा.
मी शिडीवर चढते, काच फिरवून काढते,
आतली मुंगीएवढी अक्षरं वाचते
आणि बरोबरची खूण करते.
फ्रेझ्नोतला जुलै. माळ्यावरचा पत्रा बोटाला चावतो.

खाली हागोप तर्झियान शिडी धरून उभे,
मी पडले तर दंड त्यांनाच भरावा लागेल असे.
"पूर्वी दुकानदार एकच विचारायचा,
साठचा की शंभरचा?
आता सांगतो, या दिव्यात रंग किती खरा दिसतो.
डाळिंब डाळिंबासारखं दिसतं का?"
दिसतं, मी म्हणते. शंभरात नव्वद.
"आणि उरलेले दहा?"

त्याला रकाना नाही.

माझ्या आईला सेन्सर कधी लागला नाही.
आम्ही वांग, दोन खोल्यांत अकरा माणसं,
मनुक्यांच्या कारखान्यातून ती रात्री परतायची
आणि खोलीतून निघताना हात आपसूक भिंतीवर जायचा,
खट्.
मागे आम्ही चौघं गृहपाठ करत असायचो.
"आई, आम्ही आहोत!"
"मग बोलत का नाही?"

शेवटी गॅरेज.
गाडी नाही. घडीचं टेबल, दोन खुर्च्या,
अक्रोडाच्या लाकडाचा पट, अर्ध्यावर आलेला डाव.
एका खुर्चीत लिओनेल फागुंडेस,
गायी विकून अकरा वर्षं झाली
तरी पहाटे तीनला उठून बसणारे.
"हा डाव संपला की तो ओरेगॉनला, मुलीकडे,"
हागोप मला दारातच पुटपुटले होते,
बोलण्याच्या ओघात, वायरींबद्दल बोलता बोलता.

छताला पांढरा, बटणाएवढा डोळा.
नियम सांगतो, वीस मिनिटं हालचाल नाही
म्हणजे माणूस नाही.

चाचणीचं बटण असतं, मिनिटात उरकतं.
मी ते दाबलं नाही.
रंगाच्या उपड्या डब्यावर बसले, मांडीवर फॉर्म.
फासे पडले होते पाच आणि दोन.
पाच आणि दोनात विचार करण्यासारखं काय असतं?
लिओनेल सोंगट्यांकडे बघत राहिले.
हागोप लिओनेलकडे.
मी घड्याळाकडे, मग कुठेच नाही.

आणि दिवा गेला.

एरवी, हागोप नंतर म्हणाले,
आम्ही दोघं हात हलवतो,
फलाटावर कुणाला निरोप द्यावा तसे,
आणि तो परत येतो.
आज कुणी हात हलवला नाही.
दाराखालून उन्हाची एक बारीक रेघ,
तीन माणसांचा श्वास,
आणि वर तो डोळा, खोली रिकामी आहे
या मतावर ठाम.

किती वेळ, ते मी लिहिलं नाही.
मग लाकडावर लाकूड,
टक्.

लख्ख उजेड.
लिओनेलचं बोट अजून सोंगटीवर.
हागोपनी पटावर नजर फिरवली,
एकदा, दोनदा, आणि ओरडले,
"गाढवा! ही कसली चाल!"

मी लिहिलं: गॅरेज. चालतं.