काझिकला, दिव्याबद्दल

काझिक,
दिवा बदलून दिलास त्याला आज एकवीस रात्री झाल्या.
पैसे पाकिटात आहेत, पाकीट राईच्या पावाखाली.
पाव तुझ्या आईला आवडतो तसा, कडा करपलेला.

जुना दिवा आठवतो?
टॅरालियाच्या उतारावर धुकं उतरलं की
तो लागलाय का, हे पाहायला
मला हात पुढे करावा लागे.
पहाटे अडीचला निघायचं, साडेतीनला भट्टी,
मध्ये चाळीसेक किलोमीटर डांबर, आणि पुढ्यात
चहात विरघळलेल्या बिस्किटासारखा पिवळा डाग.
त्या डागामागून मी अकरा वर्षं गेले.

तू मीटरच्या सुया टेकवल्यास.
बॅटरीशी बारा पूर्णांक सहा, दिव्याशी जेमतेम दहा.
मधलं कुठे गेलं, मी विचारलं.
तारेनं खाल्लं, म्हणालास. बटणानं खाल्लं.
हिरव्या पडलेल्या त्या जोडानं खाल्लं.
बल्बचा काय दोष, बाई, त्याच्या ताटात उष्टंच येतंय.
मग थेट बॅटरीपासून जाड तारा ओढल्यास,
मध्ये काड्यापेटीएवढा रिले.
आता बटण फक्त हुकूम सोडतं, ओझं दुसरा वाहतो.
धरणाच्या कामावर तुझे वडील
साहेबाबद्दल हेच म्हणायचे म्हणे, पोलिशमध्ये.

पिठाच्या गोदामाची भिंत. साडेसात मीटरवर गाडी.
मला सीटवर बसवलंस,
कारण माझ्या वजनानं मागची स्प्रिंग दबते
आणि दिवा आभाळाकडे बघू लागतो.
चिकटपट्टीची आडवी रेघ मारून
स्क्रू फिरवत राहिलास, उजेडाची कड
रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत.
समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये, म्हणालास.
लाकडाच्या ट्रकवाल्यांचे तुला धन्यवाद.
म्हणजे, त्यांनी अजून शिव्या दिलेल्या नाहीत.

पण मला तक्रार करायची आहे.

मला रस्ता दिसायला हवा होता, काझिक.
रस्त्यावरचं नको होतं.
पहिल्या रात्री मोजले: तेवीस.
वॉलबी, पॉसम, एक क्वोल, अंगावरचे पांढरे ठिपके अजून ओले.
हे सगळं अकरा वर्षं इथेच पडत होतं
आणि मी त्याला खड्डे म्हणत होते.

काल ऊझच्या अलीकडे एक वॉम्बॅट.
मादी, कुशीवर, थंड पडलेली.
मी पुढे गेले असते. जुन्या दिव्यात गेलेच असते.
पण लख्ख उजेडात पोटाची कातडी हलली.
वॉम्बॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते,
शाळेपासून ठाऊक होतं.
हात घालायची वेळ येते तेव्हा
ठाऊक असलेलं काही म्हणता काही आठवत नाही.
आत गरम होतं.
मुठीहून थोडं मोठं,
मखमलीसारखे केस नुकते फुटलेले,
आणि माझ्यावर भयंकर रागावलेलं.

जॅकेटच्या आत घातलं, बनियनला लागून.
त्या सकाळी पाव उशिरा निघाले, गिऱ्हाइकं कुरकुरली.
कणीक फुगायला ठेवते त्या कोपऱ्यात
टोपलीत ते झोपलं, हॅमिल्टनहून एडवीना येईपर्यंत.
बाबा असते तर म्हणाले असते, काय दिवे लावलेस.
हो. लावले.

तर काम असं आहे.
मागच्या कॅरिअरवर एक पेटी बसवून दे.
आतून लोकरीचं अस्तर, तळाशी ऊब देणारी तार.
वॉट किती लागतील ते तू काढ.
ऑल्टरनेटर पुरत नसेल,
तर दिवा जरा कमी केलास तरी चालेल.

जराच.