स्टॉल नंबर सदतीस

कर्लिंगच्या हॉलमधला बर्फ काढलेला नाही,
त्यावर नुसत्या फळ्या टाकल्यात.
दुपारपर्यंत गारठा
तळव्यांतून गुडघ्यांवर येतो.
सहा फुटांचं टेबल, भाडं एकशे ऐंशी डॉलर.
वर आईचं निळं मेजकापड, जमिनीपर्यंत सोडलेलं,
कारण खाली खोकी आहेत, थर्मास, अर्धं सँडविच
आणि तिसऱ्या तासाला काढून टाकलेले चांगले बूट.

कापडी फलकावर: आयडेला झ्विकर, चांदीकाम.
मालकीण मी, कारागीर मी, हमाल मी.
नोकरही मीच.
तिला यंदाही पगारवाढ नाही.

भवानी अजून व्हायचीय.

बायका येतात. कानातलं उचलतात,
आरशात मान वळवतात, "किती नाजूक!" म्हणतात,
मग किमतीची चिठ्ठी उलटतात
झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारावं तशी,
आणि तितक्याच अलगद सगळं जागच्या जागी ठेवतात.
एक मैत्रिणीला हळूच म्हणाली,
मला ऐकू येईल इतपत हळू,
"तार तर वळवायची. घरी करता येईल."

येईल की.
मीही घरीच करते.
एकवीस वर्षं करतेय.

शेजारी बर्टन अर्न्स्ट, मधवाला.
त्याच्या बाटल्या संपत आल्यात.
मध लोक खाऊन संपवतात आणि परत येतात.
चांदी कोण संपवणार?
मी बाथरूमला गेले की तो माझं टेबल सांभाळतो
आणि विचारणाऱ्याला दहा डॉलर जास्तच सांगतो.
एकदा त्या भावाने अंगठी गेली.
तेव्हापासून तोच भाव.

वहीत भाडं, पेट्रोल,
चांदी, जिचा भाव सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा,
टाकणखार, गॅस, डब्या, डब्यांतला कापूस.
नाकापेक्षा मोती जड.
तासांसाठी एक रकाना आखलाय.
तो मी भरत नाही.

तीनच्या सुमाराला एक बाई आली, मूठ मिटलेली.
टेबलावर उघडली.
एकच कानातलं.
माशाच्या खवल्याएवढं, कडेने बारीक ठिपके.
माझं.
"टँकूकच्या फेरीबोटीवर वारं होतं," ती म्हणाली,
"दुसरं गेलं पाण्यात. याची जोड मिळेल?"

डोळ्याला भिंग लावलं.
डाग कुठे दिलाय ते सापडेना.
कानशीचा ओरखडा नाही.
ठिपके एका दमात मारल्यासारखे, सगळे एका खोलीचे.
कोण होती ही, जिने हे केलं?
अंगठ्याचा सांधा न बांधता
रात्री दोनला दिव्याखाली बसायची ती,
आणि मला वाटायचं, काम अजून कच्चं आहे आपलं.

"करून देते," मी म्हणाले.
"पण अगदी असंच नाही व्हायचं."
"का? तुम्हीच केलंय ना?"

पलीकडे बर्टन एका मुलाला
काडीवर मध चाखायला देत होता.
मुलाने काडीसकट दात लावले.

"माणसाचे दोन कान तरी कुठे सारखे असतात," मी म्हणाले.
तिने दोन्ही पाळ्या चाचपल्या,
एकदा उजवी, एकदा डावी, पुन्हा उजवी.
"खरंच की," म्हणाली, आणि वीस डॉलर आगाऊ दिले.

तीन वाजून वीस मिनिटं. भवानी.
बर्टनने टाळी वाजवली, एकट्यानेच.

पाचला मेजकापड घडी केलं.
विकायला आणलेलं जवळजवळ सगळं
परत खोक्यांत निजवलं.
गाडीत ते एकटं कानातलं
नाण्यांच्या खोबणीत ठेवलं, डोळ्यांसमोर राहील म्हणून.
वळणावळणाला वाजत होतं.
रेडिओ लावला नाही.