चार सूत

सालिमाच्या बाजाराबाहेर, गोरखचिंचेच्या बुंध्याशी
माझं दुकान : एक पंप, एक हातोडी,
बसायला जुना टायर,
आणि दूध-पावडरचा एक डबा.
डब्यात कड्या.
मेलेल्या साखळ्यांच्या सुट्या कड्या.

वायसनची साखळी महिन्यातून एकदा तुटतेच.
सेंगा बेवरून उसिपाची दोन पोती लादतो,
पोत्यांवर बायको, बायकोच्या पाठीला पोर.
मी डब्यात हात घालतो, हाताला लागेल ती कडी काढतो.
लुधियानाची असेल, शांघायची असेल,
थोरल्या भावाच्या सायकलचीही असेल,
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
बसते.
पिनेपासून पिनेपर्यंत चार सूत,
आतून एक सूत रुंद.
तू कुणाची, असं विचारावं लागत नाही.

शनिवारी एक नॉर्वेची बाई आली, इंग्विल्ड नावाची,
तळ्याकडे निघालेली, सायकल ढकलत,
साखळी शर्टात गुंडाळून, जखमी कोंबडी आणावी तशी.
मागच्या चाकाला बारा चकत्या,
बशांवर बशा रचाव्यात तशा.
म्हणाली, हिला हिचाच जोड लागतो.
अकरावालीचा चालत नाही.
दुसऱ्या कंपनीच्या बारावालीचाही भरवसा नाही.
मी म्हटलं, का?
तिनं खांदे उडवले. तिचाही तो दोष नव्हता.

मी तिची साखळी वायसनच्या साखळीवर ठेवली.
पिनेवर पीन आली. कडीवर कडी.
चार सूत!
माझ्या आजोबांनी जी साखळी फिरवली
तिच्यातही एवढंच अंतर होतं.
मग दोन्ही आडव्या करून पाहिल्या :
हिची पाऊण सुताहूनही बारीक,
दुष्काळातून आलेल्या बहिणीसारखी.

खोटं कशाला बोलू, चाक फिरवून पाहिलं मी.
आवाजच नाही.
बोटानं कळ दाबली की साखळी
एका बशीवरून दुसरीवर चढते, मांजरीच्या पावलानं.
मला डोवाचा चढ आठवला,
वायसन पोती उतरवतो, बायकोला उतरवतो,
हँडलवर छाती टेकून सायकल वर ढकलतो.
मनातल्या मनात मी त्याला बारा चकत्या देऊन टाकल्या.
बसल्या बसल्या चढला की रे!
पोरगंसुद्धा उठलं नाही.
आणि मग चढाच्या माथ्यावर, मनातल्या मनातच,
त्याची साखळी तुटली,
आणि मी माझ्या डब्यात हात घातला.

वाकलेली कडी काढली. साखळी दोन कड्यांनी आखूड झाली.
दगडावर धरून, खिळ्यानं, श्वास रोखून
तीच पीन परत ठोकली.
ती म्हणाली, कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय,
काढलेली पीन पुन्हा घालू नये.
मी म्हटलं, बरोबर लिहिलंय.
सगळ्यात मोठ्या बशीवर जाऊ नका,
चढ आला तर उतरून चाला, आम्हीही चालतो.
पाचशे क्वाचा झाले. तिच्याकडे पाच हजारांची नोट,
माझ्याकडे सुटे नाहीत.
शेवटी तिनं समोरच्या म्हातारीकडून केळी घेतली,
नोट मोडली, निम्मी केळी मला दिली,
आणि गेली. तळ्यापर्यंत पोचली की नाही, कळलं नाही.

उरलेल्या दोन कड्या मी डब्यात टाकल्या.
डबा हलवला की आता एक पातळ आवाज येतो,
बाकीच्यांत न मिसळणारा.
मुलगी म्हणते, फेकून दे, कुणाला लागणार या?
मी म्हणतो, राहू दे, एनेलेसी.
तिकडे नवं निघालं की जुनं कंटेनरात भरतात.
आज तिच्याकडे बारा आहेत,
उद्या तेरा निघतील, बारा बनवणारे हात थांबतील,
आणि मग त्या सायकली येतील इथे,
कळा मोडलेल्या, रंग उडालेल्या, शंभराच्या ढिगानं.
कुणी वायसनचा पोरगा त्यातली एक घेईल,
डोवाच्या चढावर साखळी तोडून
या झाडाखाली येईल.

दोनच कड्या आहेत, ती म्हणते.

हो.
पहिला जो येईल, त्याच्या.