घट

मंगळवारी, बाजार उठता उठता
थावरीबाई टोपली मोडायला घेऊन आली.
कानशिलांवर लोंबायची ती, घुगऱ्यांसकट.
मागच्या शिमग्याला माणूस गेला, तेव्हा उतरली.
"नातीले वाळे करजो. वाजले पायजे."

काट्यावर एकशे बारा ग्रॅम,
मळ धरून.

एक घुगरी मुकी. आत खडाच नाही.
"तो ह्या दारव्हा रोडच्या गिट्टीत गेला," म्हणाली,
"डोक्यावर घमेलं, कानापाशी हे.
मुकादम म्हणे, तू थांबली
का मले न पायताच समजते."

तोडताना आकड्यात गुंडाळलेला
एक केस निघाला, लांब, काळाभोर.
तिच्या टुकरीखाली सगळं पांढरं.
केसाला वजन नसतं;
तरी ठेवून पाहिला मी काट्यावर,
दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"घट किती धरशीन?"
बापाने शिकवलेली: शेकडा बारा.
मी आठ म्हणालो. मग सहा.

तिने केस बोटाला गुंडाळला
नि दिग्रसची गाडी धरायला निघाली,
चालताना कसलाच आवाज न करता.

मूस तापायला ठेवली.
पायऱ्या उतरून, डांबर उखडलंय तिथून
ज्वारीएवढा एक खडा
उचलून आणला.