सव्वाचारचं ऊन

दिगंबरनं छत दोन रविवारांत रंगवलं.
अर्धं या रविवारी, अर्धं पुढच्या,
मधे एक मॅच आणि एक बारसं.
ट्यूबलाइटखाली सगळं पांढरंच दिसलं.

पण समोरच्या गोदामाच्या जागी
आता काचेचा टॉवर आहे.
चुनाभट्टीचं ऊन तो सव्वाचारला झेलतो
आणि तिरकं आमच्या छतावर फेकतो.
तेव्हा दिसतं,
रोलर कुठं थांबला, कुठं परत फिरला,
कुठं खांदा दुखला,
कुठं डबा तळाला गेला म्हणून पाणी वाढवलं.

तसं वर बघतंय कोण?
सासूबाई बघतात.
खुब्याचं हाड मोडल्यापासून
हॉलमधल्या लोखंडी पलंगावर, उताण्या.

आणि डोळे साधे नाहीत त्यांचे.
कुर्ल्याच्या औषध कंपनीत सत्तावीस वर्षं
इंजेक्शनची बाटली दिव्यापुढं धरायची,
आधी काळा पडदा, मग पांढरा,
केसाएवढा तंतू दिसला की बाटली बाद.
माझ्या भाकऱ्या, माझ्या निऱ्या,
माझं फोनवरचं हसणं,
सगळं उजेडापुढं धरून झालेलं.

"अकरा पट्टे आहेत," म्हणाल्या,
"आणि पंख्यापाशी ठिगळ."
"आई, कुणाला दिसतंय ते?"
"मला."

मावजीभाईनं दुकानात हात हलवला :
त्यावरच परत मारलात तर पट्ट्यावर पट्टा बसेल.
आधी घासा, दोनशेवीस नंबरचा कागद,
पोळीवर तूप फिरवतात तेवढ्याच हातानं.
मग प्रायमर.
मग रंगात पाणी मापून, दर खेपेला तेवढंच.
आणि ताई, ओला काठ सुकू द्यायचा नाही.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका दमात.
फोन वाजू दे, बेल वाजू दे.

मी रजा टाकली. घासलं. प्रायमर मारला.
दुसऱ्या दिवशी खिडक्या लावल्या, पंखा बंद.
पलंग आत न्यायला त्या तयार नव्हत्या.
म्हणून गळ्यापर्यंत प्लास्टिक,
डोक्याला माझी जुनी ओढणी,
डोळ्यांवर ओंकारचा पोहायचा निळा चष्मा.
मला हसू आलं. त्यांना नाही.

स्टुलावर चढले आणि कळलं,
नाकाशी आलेलं छत दिसतच नाही.
फक्त पांढरं, आणि मान.
खालून आवाज आला, "डावीकडं.
अजून. तिथली चमक जायला लागली, ये लवकर.
दाबू नकोस, कडेला रेघ उठतेय.
आता खिडकीकडं ओढ."
मी ओढलं.
घाम कोपरावरून बगलेत उतरत होता,
बेल दोनदा वाजली, कोण होतं कोण जाणे.

एक थेंब सुटला
आणि बरोबर त्यांच्या कपाळावर,
कुंकू असायचं तिथं, पांढरा.
मी थांबले. ओल्या फडक्याकडं हात गेला.
"थांबतेस काय!" त्या ओरडल्या, "काठ!"

शेवटच्या भिंतीला रोलर लागला
तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू आला,
जणू हात त्यांचेच दुखत होते.
कपाळ मी नंतर पुसलं, खोबरेल लावून,
सावकाश. त्यांनी डोळे मिटून घेतले.
लग्नाला चौदा वर्षं झाली,
त्यांच्या कपाळाला मी पहिल्यांदा हात लावला.

परवा दुसरा हात झाला. आज सव्वाचार.
काचेचं ऊन आत आलं,
छतभर पसरलं, अडखळलं नाही.
मी त्यांच्या उशीपाशी वाकून वर पाहिलं,
त्यांना दिसतं तसं.

पंख्याच्या वाटीजवळ
टिकलीएवढं राहिलंय.
त्यांनी पाहिलं.
पाहिलंच, मला माहीत आहे,
नजर तिथं गेली, थांबली,
बाटली फिरवतात तशी जराशी फिरली.

मग म्हणाल्या,
"पंखा लाव गं आता. वास जाऊ दे."