सतरा नंबरची ओ

भट्टीत इलेक्ट्रोड उतरले
की कँटीनमधल्या मेडिकोच्या कपात
चमचा बारीक थरथरतो,
आणि सतरा नंबर ओ देत नाही.

मी पडद्यासमोर. नाव घेऊन हाक जाते.
एक ओ देतो. दोन ओ देतो.
अकरा जरा घसा खाकरून.
सोळा.
मग रिकामी जागा, तीनशे मिलीसेकंदांची.
एवढ्या वेळात तिकडच्या पंपाचं पाणी थांबलेलं असेल,
किंवा वाहत असेल.
कधी सतरा बोलतोही, पण बेरीज जुळत नाही,
आणि न जुळणारी ओ टाकून द्यायची, असा नियम आहे.

तिबिलिसीहून मालकांचा माणूस फोनवर म्हणतो,
ताराबिरा काढा आता, वायरलेस घ्या.
मी म्हटलं, इथे चाप पेटला
की रेडिओवर बातम्यासुद्धा लागत नाहीत.

दोनच तारा आहेत आमच्या.
एकमेकींना वेढे घेत सहाशे मीटर जातात.
बाहेरून दणका बसेल तो दोघींना सारखाच बसावा,
म्हणजे दोघींमधला फरक तेवढा शाबूत राहतो,
आणि सगळं बोलणं त्या फरकातच असतं.
सुंभ जळेल एखादे दिवशी.
पीळ जाता कामा नये.

रविवारी भट्टी थंड. गुराम शिडी धरून,
मी पेटीमागून पेटी उघडत.
मँगनीजची काळी धूळ नखांत, पापण्यांवर.
कुणी वाटेत फांदी काढलीय का? नाही.
कवच दोन्ही टोकांना जमिनीत गाडलंय का?
नाही, एकाच. बरं केलंय,
कारण दोन शेडच्या जमिनींचंही आपसात पटत नाही,
मोजलं तर सात व्होल्टचं भांडण.

मग वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावला.
साठ ओहम यायला हवे होते.
दोन टोकांना दोन, एकशेवीसचे.
आले चाळीस.

गुराम म्हणाला, मीटर बिघडला.
मी म्हटलं, नाही रे, कुठेतरी तिसरा आहे.

तिसऱ्या शेडमागच्या पेटीत सापडला,
चिकटपट्टीत गुंडाळलेला, अगदी नीट, प्रेमानं म्हणावं इतका.
तपकिरी, लाल, तपकिरी.
ती गाठ ओळखीची होती.

वालिको निवृत्त होऊन तेर्जोलाकडे द्राक्षं लावतो.
फोनमागे कात्रीचा आवाज येत होता.
कुठली पेटी? असं त्यानं तीनदा विचारलं.
मग म्हणाला, "लाईन तेव्हा तिथेच संपायची, पोरी.
पुढे नुसती नदीची भिंत.
शेवटाला ऐकून घेणारं कुणीतरी हवं,
नाहीतर बोलणं भिंतीवर आपटून मागे येतं
आणि पुढच्या बोलण्यात घुसतं."

नंतर भिंत पडली. चौथी शेड आली, पाचवी आली.
तार पुढे गेली, नव्या टोकाला नवा बसवला,
आणि याला कुणी सांगितलंच नाही.
चोवीस वर्षं तो येईल ते निम्मंअर्धं पीत राहिला,
शेवट असल्यासारखा,
मध्येच.

दोन स्क्रू. एवढंच काम.
वेगही उतरवला, नऊ हजार सहाशेवर.
गुराम म्हणाला, इतकं हळू?
म्हटलं, गोंगाटात ऐकू जाईल इतकं.
पेटीच्या झाकणाला आतून पट्टी चिकटवली:
लाईन इथे संपत नाही. खाली तारीख.

सोमवारी सकाळी इलेक्ट्रोड उतरले.
चमचा थरथरला, मेडिकोनं सवयीनं कपावर हात ठेवला.
पंधरा. सोळा.
सतरा.

रात्री वालिकोचा फोन.
सतराबद्दल त्यानं विचारलंच नाही.
"मीटरवर किती?"
"साठ."
"हं," म्हणाला,
आणि ठेवून दिला.