कोपरा

टेम्पोतून उतरल्या तेव्हा
गुंडाळलेल्या सतरंज्याच वाटल्या,
आत लाल माती, हिरवं दडलेलं.
हसूरामने विटांसारखे सांधे चुकवत
अंगणभर लॉन अंथरलं,
फटींत वाळू चोळली.
"पंधरा दिस पाय नाय ठेवाचा."

खारघरचं एप्रिलमधलं ऊन.
आई दोन्ही वेळा पाइप धरून,
पायरीवरूनच.
मुरूडहून आणली तिला, पण
पेटी अजून पलंगाखाली, कुलपात.
एकदा कडेला बसून
सवयीने बेणायलाच लागली,
दोन काड्या उपटल्यावर
ओशाळून हसली.

बाराव्या दिवशी हसूरामने
एक कोपरा चिमटीत धरून ओढला.
सुटेना.
"धरलान जीव."

संध्याकाळी मी सहज विचारलं,
"जाऊन यायचं का गावाला, आठवडाभर?"

पाइपची गुंडाळी करत म्हणाली,
"आणि पाणी कोण घालणार?"